अर्ज पेंडिंग आहे, मग काम चालू ठेवायचं का?

वाचकांचे प्रश्न

बडोद्याहून येणाऱ्या पत्रांत एके काळी व्हिसाच्या मुलाखतीचे प्रश्न सगळ्यात जास्त असत. आता वर्क परमिटने ती जागा घेतली आहे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेने एक नियम बदलला. तोवर ईएडी कार्डाच्या, म्हणजे याच वर्क परमिटच्या, नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत गेला असेल, तर बऱ्याच प्रकारांत जुनं कार्ड आपोआप पुढे चालायचं. ती सोय बहुतेकांसाठी बंद झाली. आमच्याकडे आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे देत आहोत. नावं अर्थातच छापलेली नाहीत. पत्रांत येणारा एच-१बी हा नोकरदाराचा व्हिसा, एच-४ त्याच्या जोडीदाराचा, आणि आय-९४ ही अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं त्याची नोंद.

आमच्या सूनबाई न्यू जर्सीत एच-४ ईएडीवर नोकरी करतात. त्यांचं कार्ड आणि आय-९४ दोन्ही ३० जून २०२६ ला संपतात. मुलगा म्हणतो, "अर्ज टाकला की ५४० दिवस मिळतात, काळजी करू नकोस." हे खरं का?
– एक सासूबाई, दांडिया बाजार

मुलाने ऐकलेलं चूक नाही, जुनं आहे. जानेवारी २०१७ पासून ही आपोआप मुदतवाढ १८० दिवसांची होती. अर्ज तुंबले म्हणून मे २०२२ मध्ये ती तात्पुरती ५४० दिवस केली आणि १३ जानेवारी २०२५ पासून तेच कायम झालं. तो 'कायम' साडेनऊ महिने टिकला. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर दाखल झालेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आता आपोआप एक दिवसही मिळत नाही. नवं कार्ड मंजूर झालं नसेल, तर १ जुलैला सूनबाईंनी काम थांबवायचं.

खरं तर एच-४ वाल्यांसाठी ५४० दिवस कधीच सरसकट नव्हते. त्यांची मुदतवाढ आय-९४ च्या तारखेपर्यंतच चालायची. ज्यांचं कार्ड आणि आय-९४ एकाच दिवशी संपतं, त्यांना जुन्या नियमातही हाती काही लागत नव्हतं. ही अट अनेक घरांत कुणी वाचलेलीच नव्हती.

आता उलटं मोजायला हवं. ईएडीचं नूतनीकरण १८० दिवस आधीपासून करता येतं. पण सूनबाईंचं एच-४ मुलाच्या एच-१बी वर उभं आहे आणि एच-१बी चा मुदतवाढीचा अर्ज सहा महिन्यांपेक्षा आधी जात नाही. त्या अर्जाआधी कंपनीला श्रम खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींची हमी, मंजूर करून घ्यावी लागते, त्यात सात कामाचे दिवस जातात. म्हणजे ३० जूनची मुदत असेल, तर जानेवारीच्या मध्यापर्यंत आय-१२९ (एच-१बी ची वाढ), आय-५३९ (एच-४ ची वाढ) आणि आय-७६५ (ईएडी) हे तिन्ही फॉर्म एकाच पाकिटात जायला हवेत. कंपन्यांचे वकील सवयीने तीन-चार महिने आधी फाईल उघडतात. ती सवय आता परवडत नाही. मुलाने एच.आर.ला सात-आठ महिने आधीच लेखी कळवावं आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारावं. इथे भीड चालत नाही.

अडकतं कुठे, तेही पाहा. मुलाच्या आय-१२९ ला जादा फी भरून प्रीमियम प्रोसेसिंग घेता येतं आणि पंधरा कामाच्या दिवसांत निर्णय येतो. एच-४ च्या आय-५३९ ला आणि एच-४ च्या आय-७६५ ला ती सोय नाही. २०२३ च्या एका न्यायालयीन तडजोडीनुसार यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, हे तिन्ही अर्ज एकत्र हातात घेत असे, म्हणून नवऱ्याचं प्रीमियम बायकोलाही उपयोगी पडायचं. ती तडजोड जानेवारी २०२५ मध्ये संपली. आजही एखादा अधिकारी तिन्ही अर्ज सोबत उरकतो, पण त्याच्यावर तसं बंधन नाही. आय-५३९ मंजूर झाल्याशिवाय आय-७६५ हलत नाही, आणि सगळा उशीर त्याच सांध्यात साचतो.

मुलाचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली पिटिशन, मंजूर आहे का, तेही आधी पाहून घ्या. एच-४ ला ईएडी मिळतं ते त्याच आधारावर, किंवा नवऱ्याला सहा वर्षांपुढची एच-१बी वाढ मिळाली असेल त्या आधारावर. नोकरी बदलताना जुन्या कंपनीकडून आय-१४० च्या मंजुरीची प्रत न घेतलेले बरेच जण आहेत. नूतनीकरणाच्या वेळी ती नेमकी हवी असते.

माझ्या पुतणीने ऑक्टोबर २०२५ च्या २० तारखेला नूतनीकरणाचा अर्ज केला. तिची कंपनी म्हणते, नियम बदलला, आता काम बंद.
– कारेलीबाग

कंपनीने बातमीचा मथळा वाचला, नियम वाचलेला नाही. ३० ऑक्टोबरच्या आधी नीट दाखल झालेल्या अर्जांना ५४० दिवसांपर्यंतची मुदतवाढ अजून लागू आहे. पुतणीने दोन कागद शेजारी ठेवून तपासावेत. एक जुनं कार्ड, दुसरा आय-७९७सी ही पोचपावती. पावतीवर 'रिसीव्ड डेट' आणि 'नोटिस डेट' अशा दोन तारखा असतात. बघायची ती रिसीव्ड डेट. कार्डावरची कॅटेगरी आणि पावतीवरची कॅटेगरी जुळायला हवी. मोजणी सुरू होते कार्डाच्या शेवटच्या तारखेपासून, अर्जाच्या तारखेपासून नाही. समजा कार्ड १५ नोव्हेंबर २०२५ ला संपलं, तर ५४० दिवस ९ मे २०२७ ला भरतात. मध्येच अर्ज नामंजूर झाला तर मुदतवाढ तिथेच संपते. आणि पुतणी एच-४ वर असेल, तर आय-९४ ची मर्यादा आहेच.

अर्ज 'नीट दाखल' होणं म्हणजे तो परत न येणं. सही राहिली, फी चुकली, फॉर्मची जुनी आवृत्ती वापरली किंवा चुकीच्या पत्त्यावर पाकीट गेलं, तर अख्खी फाईल परत येते आणि ती रिसीव्ड डेट धरली जात नाही. ऑक्टोबरच्या शेवटी घाईत पाठवलेले आणि परत आलेले अर्ज नव्याने गेले की नव्या नियमातच बसतात. २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी चेकही बंद झाले आहेत. कागदी अर्जासोबत फी क्रेडिट कार्डाने भरायची तर जी-१४५० फॉर्म किंवा बँक खात्यातून भरायची तर जी-१६५० जोडावा लागतो. क्रेडिट कार्डाची मर्यादा कमी पडली आणि पैसे कापले गेले नाहीत, तरी अर्ज परत येतो.

लग्नाचा दाखला गुजरातीत आहे. सुनेचं माहेरचं नाव वेगळं, आम्ही लग्नात नावही बदललं होतं. यामुळे अडचण येईल का?
– रावपुरा

लग्नात तांदळावर लिहिलेलं नाव प्रेमाचं असतं. अमेरिकन अर्जावर मात्र पासपोर्टवरचंच नाव चालतं. पासपोर्ट, आय-९४, विवाह नोंदणी दाखला आणि जुनं ईएडी या चौघांवर नाव कसं आहे ते एका कागदावर मांडा. फरक असेल तर आय-७६५ मध्ये 'इतर वापरलेली नावं' या रकान्यात प्रत्येक नाव लिहायचं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, त्यामुळे लग्नाआधीचे आणि नंतरचे कागद हमखास वेगळे निघतात. ते लपवलं तर शंका येते आणि जादा पुराव्याची नोटीस घरी येते. मग निर्णय लांबतो.

गुजराती दाखल्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा, शिक्क्यांवरच्या मजकुरासकट. भाषांतर करणाऱ्याने खाली लिहून द्यायचं, की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात. त्याची सही, नाव, पत्ता आणि तारीख हवी. अमेरिकन बाजूला नोटरीची गरज नाही. कचेरीबाहेरचा टायपिस्ट नोटरीसाठी वेगळे पैसे मागेल, ते वाचवा. मूळ दाखला अमेरिकेत पाठवू नका, प्रत पुरते.

मुलाची स्वतःची एच-१बी ३१ जानेवारी २०२६ ला संपते, मुदतवाढीचा अर्ज पेंडिंग आहे. त्यालाही घरी बसावं लागणार?
– मांजलपूर

नाही. एच-१बी चा नियम वेगळा आहे आणि तो बदललेला नाही. त्याच कंपनीने मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर आय-९४ संपल्यावर त्याच कंपनीकडे २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. तुमच्या मुलाचे २४० दिवस २८ सप्टेंबर २०२६ ला भरतात. निर्णय त्याआधी प्रतिकूल आला तर काम त्याच दिवशी बंद. पण या २४० दिवसांत मिळते ती फक्त काम करण्याची मुभा, कागदावरची नवी तारीख नाही. अनेक राज्यांत वाहन परवाना आय-९४ च्या तारखेला बांधलेला असतो, तो संपतो. भारतात येऊन परत जायचं तर वैध व्हिसा आणि मंजूर पिटिशन लागतेच. म्हणून कंपनी तयार असेल तर दोन-तीन महिन्यांनी का होईना, प्रीमियमला रूपांतर करून घ्यावं.

हे २४० दिवस नवऱ्याचे, बायकोच्या एच-४ ईएडीला ते लागू नाहीत. एकाच घरात एकाला कामाला जाता येतं आणि दुसऱ्याला नाही, हे इथल्या नातेवाइकांना पटत नाही.

लेक-जावयाचं ग्रीन कार्डाचं आय-४८५ पेंडिंग आहे. पूर्वी पाच वर्षांचं कार्ड मिळायचं, आता म्हणे दीड वर्षाचं?
– अलकापुरी

बरोबर. सप्टेंबर २०२३ पासून या कॅटेगरीला, म्हणजे (सी)(९) ला, पाच वर्षांपर्यंतचं कार्ड मिळत होतं. ५ डिसेंबर २०२५ पासून पेंडिंग असलेल्या आणि नव्याने येणाऱ्या अर्जांसाठी कमाल मुदत १८ महिने झाली. आधी मिळालेलं पाच वर्षांचं कार्ड छापलेल्या तारखेपर्यंत चालेल. ते कोणी परत मागणार नाही.

दोन बदल एकत्र ठेवले की चित्र दिसतं. कार्ड १८ महिन्यांचं, नूतनीकरण सहा महिने आधी करायचं आणि आपोआप मुदतवाढ नाही. म्हणजे नवं कार्ड हातात आल्यापासून बारा महिन्यांनी पुन्हा अर्ज. भारतात जन्मलेल्यांच्या रोजगाराधारित रांगा लांब आहेत, तेव्हा हे चक्र बरीच वर्षं चालेल. रांगेतल्या लोकांचे अर्ज असे दरवर्षी पुन्हा तपासायचे आणि त्याच कार्यालयात अर्ज तुंबतात म्हणून तक्रार करायची, यात तर्क शोधू नका.

फीचं एक लक्षात ठेवा. आय-४८५ एप्रिल २०२४ च्या आधी फी भरून दाखल झालेलं असेल, तर या कॅटेगरीत नूतनीकरणाला फी नाही. त्यानंतरचं असेल तर २६० डॉलर. एच-४ ला मात्र पूर्ण फी: कागदी अर्जाला ५२०, ऑनलाइनला ४७० डॉलर.

जावयांकडे एच-१बी अजून जिवंत असेल तर ती सोडू नये, हे आमचं ठाम मत. ईएडी मिळालं म्हणून एच-१बी ची मुदतवाढ टाळणारे बरेच होते, कारण कंपनीचा खर्च वाचायचा. आता एच-१बी असलेल्याचं काम ईएडीवर अवलंबून राहत नाही आणि त्याला २४० दिवसांचाही आधार आहे.

मुलगा एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.ई. करून टेक्सासला एम.एस.ला गेला. ओपीटी ३० जून २०२६ ला संपते, पुढे स्टेम एक्स्टेंशन. त्यालाही नवा नियम लागू?
– मकरपुरा

नाही. ओपीटी म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थ्याला मिळणारी कामाची मुभा आणि स्टेम एक्स्टेंशन ही विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांसाठी तिची वाढ. स्टेम ओपीटीची १८० दिवसांची वाढ वेगळ्या तरतुदीत आहे आणि ती शाबूत आहे. अर्ज ओपीटी संपण्याआधी दाखल झाला, तर काम १८० दिवस किंवा निर्णय येईपर्यंत, जे आधी होईल तोवर चालतं. त्याच्या बाबतीत २७ डिसेंबर २०२६ पर्यंत. एच.आर.ला संपलेलं कार्ड, आय-७९७सी आणि डीएसओने, म्हणजे विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याने, स्टेमची शिफारस नोंदवलेलं विद्यापीठाचं नवं आय-२० पत्र दाखवायचं.

अर्ज ९० दिवस आधीपासून करता येतो, पण डीएसओची शिफारस झाल्यापासून ६० दिवसांच्या आत तो पोचायला हवा. डीएसओला आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडा कंपनीच्या सहीसकट लागतो आणि तिथे दोन-तीन आठवडे सहज जातात. कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेली नसेल तर स्टेम एक्स्टेंशन मिळतच नाही. हा प्रश्न नोकरी स्वीकारतानाच विचारायचा असतो.

मुलगी एल-२ वर आहे. तिला ईएडी लागतं का?
– सयाजीगंज

सक्ती नाही. एल-२ म्हणजे कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्या एल-१ नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा. आय-९४ वर 'एल-२एस' लिहिलेलं असेल, तर तो कागदच कामाचा परवाना आहे. मात्र परवाना आय-९४ सोबत संपतो. मुदतवाढ पेंडिंग असताना नवऱ्याचे एल-१ चे २४० दिवस तिला मिळत नाहीत.

कार्ड संपलं आणि नवं आलं नाही. मधल्या काळात सुनेने पगार न घेता काम केलं तर? किंवा बडोद्याला येऊन घरून काम केलं तर?
– निझामपुरा

दोन प्रश्न आहेत, वेगवेगळे पाहू.

पगार न घेता तेच काम करणं, किंवा "आता करा, पैसे नंतर बोनस म्हणून देऊ" असा कंपनीचा प्रस्ताव स्वीकारणं, दोन्ही विनापरवाना कामच. लॅपटॉप उघडून मेलला उत्तर देणंही त्यात येऊ शकतं. ग्रीन कार्डाच्या रोजगाराधारित अर्जात १८० दिवसांपर्यंतच्या उल्लंघनाला कायद्यात थोडी माफी आहे. तिच्या भरवशावर काम करत राहू नये, एच-४ ची वाढ मागताना ती उपयोगी नाही. कंपनीने आय-९ या कामाचा हक्क पडताळणाऱ्या फॉर्मवर कार्डाच्या शेवटच्या तारखेपर्यंत पुनर्पडताळणी करायची असते. नूतनीकरणाची पावती तिथे पुरावा ठरत नाही. हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या कार्डाच्या बदली अर्जाची पावती ९० दिवस चालते, आणि या दोन पावत्यांचा घोळ एच.आर.कडून नेहमी होतो.

कंपनीकडे बिनपगारी रजा मागावी, लेखी, आणि कार्ड संपण्याच्या महिनाभर आधी. रजा द्यायचं बंधन कंपनीवर नाही. नोकरी गेली किंवा तास कमी झाल्याने आरोग्य विमा तुटला, तर वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत 'कोब्रा' खाली तोच विमा स्वखर्चाने चालू ठेवता येतो. निवड करायला ६० दिवस मिळतात आणि हप्ता मूळ खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत जातो. नवऱ्याच्या विम्यात नाव घालता येत असेल तर ते स्वस्त पडतं. त्यासाठीही मुदत असते, तेव्हा विमा तुटताच अर्ज करावा.

आता बडोद्याचं. भारतात बसून केलेलं काम अमेरिकेतलं विनापरवाना काम ठरत नाही, इतकं ठीक. पण भारतात केलेल्या कामाचा पगार इथे करपात्र धरला जातो. कर वर्षात मुक्काम १८३ दिवसांच्या आत असेल, कंपनी भारतीय नसेल आणि पगाराचा बोजा तिच्या इथल्या आस्थापनेवर नसेल, तर दोन देशांमधल्या करारातून सूट मागता येते. तेव्हा तिकिटाआधी सी.ए.ला गाठावं. अनेक कंपन्या सुरक्षेच्या कारणाने भारतातून लॉगिन करूच देत नाहीत, त्यांची लेखी परवानगी हवी.

मोठा धोका परतीचा आहे. आय-५३९ पेंडिंग असताना देश सोडला, की परतताना मिळणारा नवा आय-९४ च पुढे धरला जातो, आणि तो मिळवायला वैध एच-४ व्हिसा लागतो. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची सोशल मीडिया तपासणी सुरू झाली, तेव्हा भारतातल्या अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे गेल्या. तिसऱ्या देशात जाऊन स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसा, उरकायचा मार्गही सप्टेंबर २०२५ पासून जवळपास बंद आहे. तेव्हा नवरात्रात गरबा आणि येता-जाता स्टॅम्पिंग, हा बेत सध्या करू नये. व्हिसा वैध असेल आणि नवऱ्याची वाढ मंजूर झालेली असेल, तर मात्र हाच मार्ग उपयोगी पडतो: नव्या मंजुरीवर परत प्रवेश केला की आय-९४ लांबतो, आय-५३९ ची वाट बघावी लागत नाही.

मुलगा लेस्टरला आहे. तिथेही असंच आहे का?
– फतेहगंज

ब्रिटनचा नियम जास्त सरळ आहे. व्हिसा संपण्याआधी अर्ज केला असेल, तर १९७१ च्या कायद्याच्या कलम ३सी नुसार निर्णय येईपर्यंत जुन्या अटी आणि कामाचा हक्क टिकतो. मालकाने गृह खात्याच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसवरून खात्री करायची. तिथून मिळणारी नोटीस सहा महिने चालते, नंतर पुन्हा तपासावी लागते. अर्ज पेंडिंग असताना भारतात मात्र येऊ नये. ब्रिटन आणि आयर्लंडचा सामायिक प्रवासपट्टा सोडला की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं.

कार्ड मंजूर झालं असं ऑनलाइन दिसतं, पण महिना झाला, घरी आलं नाही.
– वाघोडिया रोड

पहिला संशय पत्त्याचा. घर बदललं की दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. पोस्टात पत्ता बदलून भागत नाही, कारण ही पाकिटं सहसा नव्या पत्त्यावर वळवली जात नाहीत, परत जातात. अपार्टमेंटचा नंबर आणि टपालाच्या डब्यावर कार्डातलं आडनाव आहे का पाहा, भाड्याच्या घरात डब्यावर भलत्याचंच नाव असतं. यूएससीआयएसच्या खात्यात पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक दिसतो. 'डिलिव्हर्ड' दाखवत असेल तर आधी पोस्टात तक्रार, मग यूएससीआयएसकडे 'कार्ड मिळालं नाही' अशी चौकशी. परत गेलेलं कार्ड ६० कामाच्या दिवसांत कोणी विचारलं नाही तर नष्ट करतात, आणि मग बदली कार्डासाठी नवा आय-७६५ भरावा लागतो.